चाळीस मिनिटांची सवड

चार दिवसांच्या सहलीचा कागद हिसाओने तिघांसाठी तीन प्रतींत तयार केला होता, आणि सुमिएला जे बोलायचं होतं ते बोलायला त्यात कुठेच जागा नव्हती.

कागद लहान होता असं नाही. दोन्ही बाजूंनी भरलेली नऊ पानं होती. नागोयाच्या किल्ल्याला पन्नास मिनिटं, क्योतोच्या कालव्याकाठी पंचवीस, नूडल्स खायला बावीस, आणि खाऊन झाल्यावर बाथरूमला सहा. हिसाओ इगाराशी अडतीस वर्षं रेल्वेत गाड्यांच्या वेळा आखायच्या कामावर होता. लांबलचक कागदावर एका अंगाला स्टेशनं, दुसऱ्या अंगाला तास, आणि मध्ये तिरक्या रेघा. एक रेघ म्हणजे एक गाडी. दोन रेघा नको तिथे भेटल्या की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. त्याच्या रेघा कधी नको तिथे भेटल्या नाहीत. वर्षापूर्वी तो निवृत्त झाला, कागद गेला, हात मात्र त्याच सवयीचे राहिले. मग त्याने घरच आखायला घेतलं. कपड्यांचं मशीन सात पंधराला, भाजी आणायला दहा पाचला, आणि सुमिएचं गाण्याचं मंडळ असेल त्या दिवशी बारा चाळीसच्या आत जेवणं उरकलेली.

सुमिएचं वय बासष्ट. लग्नाला छत्तीस वर्षं झालेली. नवरा वाईट होता म्हणावं तर तसंही नाही. कधी हात उगारला नाही, पिणं बेताचं, आवाज कधी चढला नाही. तक्रार सांगायला जावं तर ऐकणाऱ्या बायकाच हेव्याने जळतील अशी पंचाईत. पण गेलं वर्षभर तो रोज घरात होता, आणि ती चहा ओतायला लागली की मागून आवाज यायचा, "अजून दोन मिनिटं." एका सकाळी तो आवाज आला, सुमिएने किटली खाली ठेवली, आणि वेगळं राहायचं ठरवून टाकलं.

घटस्फोट वगैरे नाही हं. तिच्या वयाच्या बायकांत अलीकडे याला लग्नाची पदवी घेणं म्हणतात. शाळा पुरी झाली म्हणून कुणी शाळेशी भांडण काढत नाही. वाकून नमस्कार करायचा, बाहेर पडायचं आणि वर्षातून एकदोनदा भेटीला जायचं.

जागाही तिने पाहून ठेवली होती. फार लांब नाही. उत्सुनोमियातल्या त्यांच्या घरापासून तीन स्टेशनं उत्तरेला. दुसऱ्या मजल्यावर दीड खोली, खिडकीशी तुतीचं झाड. मालकीण मुरोझुमीबाई सत्तरी ओलांडलेल्या, जुन्या वळणाच्या. त्यांची अट एकच होती, "तुमच्या मालकांना ठाऊक आहे ना सगळं? मागाहून माझ्या दारात तमाशा नको." सुमिए म्हणाली, सांगते. मुरोझुमीबाईंनी रविवारी चार वाजेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर खोली एका तरुण जोडप्याला जाणार होती.

रविवार म्हणजे सहलीचा चौथा दिवस. सुमिएने मनाशी मांडलं होतं ते असं: घरात सांगितलं तर भिंती अंगावर येतील. प्रवासात माणूस जरा सैल होतो, लेक बरोबर असेल, वसंताची फुलं असतील. चार दिवसांत एक वाक्य बोलायचं, त्याला असा किती वेळ लागतो? तेव्हा तिने कागद पाहिला नव्हता.

पहिला प्रयत्न तिने गुरुवारी सकाळी केला, तोक्योहून बुलेट ट्रेन सुटल्यावर. गाडीत चिडीचूप. त्या गाडीत माणसं शिंकतातसुद्धा परवानगी मागितल्यासारखी. हिसाओ खिडकीशी बसून मागे पडणारं एकेक स्टेशन मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहत होता.

"अहो, एक बोलायचं होतं."

"आठ सेकंद," तो म्हणाला.

"काय?"

"शिझुओकाला आठ सेकंद उशीर. बोल ना."

"असं नाही हो. जरा निवांत बोलायचंय."

"मग तोयोहाशीनंतर बोल. पुढे जरा मोकळं आहे."

तोयोहाशी गेल्यावर तो उठला आणि फळीवरून सामान काढू लागला, कारण नागोया यायच्या आधी चार मिनिटं दाराशी उभं राहायचं असं कागदावर होतं. सुमिए त्याच्या मागे उभी राहिली. जिला नवऱ्यापासून वेगळं व्हायचं होतं ती बाई अख्खी चार मिनिटं नवऱ्याच्या पाठीला नाक टेकून उभी होती.

नागोयाला लेक येऊन मिळाली. कानाए, तेहेतीस वर्षांची, चष्म्यांच्या दुकानात कामाला. लग्न केलेलं नाही, आणि त्याविषयी बोलायचं नाही असं तिघांनी न ठरवताच ठरवलं होतं. तिने फलाटावरच आपली प्रत उघडून वाचली.

"बाबा, बाथरूमला सहाच मिनिटं? मला सात लागली तर?"

"तर किल्ल्यातलं एक कमी होईल."

"किल्ला काही पळून जात नाही."

"किल्ला नाही. गाडी जाते."

"आई, तू कशी राहिलीस गं इतकी वर्षं?" कानाए हसत म्हणाली. गंमतच केली होती तिने. सुमिएला मात्र ठसका लागला.

चेरीची फुलं काही रेल्वेच्या नोकरीत नव्हती. हवामानवाल्यांनी दिलेल्या तारखेच्या चार दिवस आधीच फुलून ती मोकळी झाली होती. नागोयाच्या किल्ल्यात पाकळ्यांचा नुसता सडा, आणि फांद्यांना कोवळी पालवी फुटलेली. हिसाओ खंदकाच्या कठड्याशी उभा राहून त्या झाडांकडे पाहत होता. त्याचा चेहरा पडला होता; महिनाभर नकाशे जुळवून त्याने हा दिवस काढला होता.

"लवकर सुटणं हे उशिरापेक्षा वाईट," तो म्हणाला. "उशीर झाला तर लोक निदान भेटतात तरी. लवकर सुटलेली गाडी कुणालाच मिळत नाही."

हे आपल्यालाच लावून बोलला की काय, असं सुमिएला वाटून गेलं. पण तो झाडांविषयीच बोलत होता. निदान तिची तशी समजूत झाली.

शुक्रवारी क्योतोच्या वाटेवर तिचा फोन थरथरला. जागेवर बसून फोनवर बोलणं म्हणजे देवळात चपला घालून शिरणं, म्हणून ती उठून दोन डब्यांमधल्या दाराशी गेली. फोन मुरोझुमीबाईंचा होता.

"इगाराशीबाई, ते जोडपं परत येऊन गेलं हो. पोरगी गोड आहे, पोट दिसायला लागलंय तिचं. तुम्हाला शब्द दिलाय म्हणून मी थांबलेय. मालकांशी बोललात?"

"आज बोलते."

"आज म्हणजे कधी?"

सुमिएने कागद उघडून पाहिला. "साडेतीन ते तीन पंचावन्न," ती म्हणाली, आणि आपल्याच तोंडून हे ऐकून तिला स्वतःची कीव आली.

क्योतोत दुपारी हिसाओने दोघींना खरेदीसाठी अठरा मिनिटं दिली आणि स्वतः दुकानाबाहेर सामान राखत उभा राहिला. घरच्या शेजाऱ्यांसाठी मिठाईचे खोके घ्यायचे होते. सहलीहून हात हलवत परतणाऱ्याला गल्लीत तोंड दाखवता येत नाही. ते घेऊन झाल्यावर सुमिए हळूच टॉवेलांच्या काउंटरकडे वळली. नव्या जागी राहायला गेलं की आसपासच्या दारांवर छोटीशी भेट घेऊन नमस्काराला जायचं, भेटीवर कागदाची पट्टी, पट्टीवर ब्रशने कारण आणि खाली नाव, ही रीत तिच्या हाडात भिनलेली. ती घर सोडायला निघाली होती, रीत सोडायला नव्हे. तिने निळ्या नक्षीचे चार छोटे टॉवेल निवडले.

"पट्टीवर काय लिहू?" काउंटरमागच्या मुलीने विचारलं.

"नव्या शेजारणीचा नमस्कार," सुमिए खालच्या आवाजात म्हणाली.

"आणि नाव?"

इथे घोडं अडलं. नवऱ्यापासून वेगळं राहायला जाताना पट्टीवर नवऱ्याचं नाव घालायचं? आणि माहेरचं घालावं तर पोस्टमन गोंधळात पडणार. मुलगी ब्रश धरून थांबली. मागे दोन बायका रांगेत आल्या.

"इगाराशी," मागून आवाज आला. कानाए उभी होती. "लिहा हो तुम्ही. आई, कुणाचं बिऱ्हाड हलतंय?"

"हळू बोल."

"बाबांना माहीत आहे?"

"अजून नाही."

कानाए क्षणभर आईकडे बघत राहिली आणि मग तिला हसू आवरेना. "म्हणजे नवऱ्याला सांगायच्या आधी शेजाऱ्यांना टॉवेल?"

"टॉवेल क्योतोचेच चांगले असतात. पुन्हा कधी येणं होतंय."

"ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं पाहिलीत मी. भांड्याला पट्टी चिकटवून वर नाव घालणारी तूच पहिली."

"रागावलीस का?"

कानाएचं हसू ओसरलं. तिने पट्टीवर वाळत असलेली शाई पाहिली. "माहीत नाही अजून," ती म्हणाली. "तू सुखात राहशील गं. बाबांचं मला सुचत नाही. जेवतील काय, ते सोड, करून खातील. पण वेळ कुणाला सांगतील?"

सुमिएने टॉवेलांची पिशवी पर्समध्ये कोंबली. अठरा मिनिटं संपली होती.

कालव्याकाठी लेकीने आईसाठी जागा करून दिली. बूट चावतोय म्हणाली आणि पुलाशी बसून राहिली. तिथे झाडांवर अजून थोडी फुलं होती, आणि सगळं क्योतो ती बघायला लोटलं होतं. सुमिएने घसा साफ केला. तेवढ्यात दोन शाळकरी मुली पुढे आल्या, आजोबा, आमचा फोटो काढता का? हिसाओचा चेहराच तसा, भरल्या बाजारात कुणीही याच्या हाती विश्वासाने मोबाइल द्यावा. त्याने काढला. मग एका म्हाताऱ्या जोडप्याचा काढला. मग नवरानवरीच्या कपड्यांतल्या दोघांचा काढला, त्यांना दोनदा जागा बदलायला लावून.

"अहो, मला असं वाटतं की आता आपण—"

"जरा थांब, त्यांचे डोळे मिटले."

पंचवीस मिनिटं अशीच गेली. खरं सांगायचं तर सगळा दोष कागदाचा नव्हता. प्रत्येक वेळी कुणी मध्ये आलं की सुमिएला आतून हायसं वाटत होतं. छत्तीस वर्षांचा संसार आणि सांगायला एक वाक्य, पण ते ओठांशी आलं की तिला समोर हिसाओचे कान दिसायचे. म्हातारपणी मोठे झालेले, थंडीने लाल झालेले कान. वाक्य तिथूनच मागे फिरायचं. मग ती स्वतःवरच चिडायची, आणि खापर कागदावर फोडायची.

शनिवारी ओकायामा झालं, कुराशिकी झालं. कालव्यातल्या होड्या सव्वा मिनिट पाहिल्या. सुमिएने प्रयत्नही केला नाही. पाच वाजता कुराशिकीच्या एका छोट्या मुक्कामाच्या जागी पोचल्यावर कानाए आंघोळीच्या हौदाकडे गेली आणि हिसाओने रोजच्यासारख्या बॅगा उघडल्या. उद्या जे आधी लागेल ते वर, जे उशिरा लागेल ते खाली, अशी तो रोज संध्याकाळी फेररचना करायचा. सुमिए चहा करत होती. काल त्याची बांधाबांध झाल्यावर आपण टॉवेलांची पिशवी बॅगेच्या तळाशी, मिठाईखाली सरकवली, हे तिला आठवलं तेव्हा ती त्याच्या हातात होती.

त्याने पट्टी वाचली. चारही टॉवेल चटईवर ओळीने मांडले. पट्ट्यांची टोकं दुमडली होती, ती अंगठ्याने सरळ केली.

"पाच हवेत," तो म्हणाला.

"काय पाच?"

"टॉवेल. दुसऱ्या मजल्यावर तुझ्याखेरीज पाच बिऱ्हाडं आहेत. जिन्यापलीकडच्या खोलीत एक म्हातारा राहतो. त्याच्या दाराला पाटी नाही, म्हणून तुझ्या लक्षात आला नसेल."

सुमिएच्या हातातली किटली तशीच राहिली. तीन दिवस जे वाक्य तिच्या घशात अडकलं होतं त्याचं काय करावं ते तिला समजेना.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझी गाण्याची वही शेल्फवरून पडली. उचलली तर आत खोलीचा नकाशा होता. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला."

"दोन महिने! दोन महिने तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"तूही बसलीस," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. "मी जाऊन पाहून आलो. तू गाण्याला गेली होतीस त्या दिवशी. गाडीने अठरा मिनिटं, पुढे चालत नऊ. जागा चांगली आहे. जिन्याचा कठडा हलतो. मालकिणीला सांगून तो आधी बसवून घे."

"मग विचारलं का नाही मला?"

"ते उद्या होतं."

"काय उद्या होतं?"

हिसाओने खिशातून आपली प्रत काढली आणि शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. सुमिएच्या प्रतीत रविवारी दुपारी फक्त एवढंच होतं: दोन दहा, फुकुयामा, गाडी बदलणे. त्याच्या प्रतीत त्याखाली पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: सुमिए बोलेल. चाळीस मिनिटं.

"माझ्या कागदावर हे नाहीये."

"नसतंच," हिसाओ म्हणाला. कामाचा विषय निघाला तसा त्याचा आवाज जरा मोकळा झाला. "प्रत्येक वेळापत्रकात सवड ठेवलेली असते. पण ती ड्रायव्हरला दाखवायची नाही. दिसली की तो आधीच वापरून टाकतो, आणि खरी गरज पडते तेव्हा हाताशी काही उरत नाही."

"म्हणजे तीन दिवस तुम्ही मला अडवून धरलंत! ते आठ सेकंद, ते फोटो..."

"अडवलं नाही गं. तोयोहाशीनंतर बोलली असतीस तरी चाललं असतं. तू बोलेनास. मला वाटलं, तुलाच वेळ हवाय."

आता मात्र सुमिएचा पारा चढला. तिने किटली इतक्या जोरात ठेवली की चहा उसळून चटईवर सांडला. "माझं घर सोडणंसुद्धा तुमच्याच कागदावर! अहो, जन्मात एक गोष्ट, एकच गोष्ट मी माझ्या वेळेला करायला निघाले होते. तीही तुम्ही आखून ठेवलीत! वर चाळीस मिनिटं! सव्वा मिनिटात होड्या दाखवणारा माणूस!"

"कमी पडतील का?" हिसाओने घाबरून विचारलं.

तो थट्टा करत नव्हता. सुमिएने फडकं उचललं आणि चटई पुसू लागली. तोही दुसरं फडकं घेऊन खाली बसला. दोघं गुडघ्यांवर बसून एकच डाग दोन बाजूंनी पुसत असताना कानाए आंघोळ करून आली, लालबुंद, केसांना टॉवेल गुंडाळलेला. तिने ओळीने मांडलेले चार टॉवेल पाहिले आणि आईबापाकडे पाहिलं.

"झालं बोलून?"

"उद्या आहे," दोघंही एकदम म्हणाले.

रविवारी सकाळी ओनोमिचीच्या चढणी चढून झाल्या आणि दोन दहाला तिघं फुकुयामाला उतरली. तिथे किल्ला स्टेशनला चिकटूनच आहे. फलाटावरून हात लांब केला तर तटाचे दगड हाताला लागतील असं वाटतं. चाळीस मिनिटांत तो वरपर्यंत सहज पाहून झाला असता. हिसाओने किल्ला कागदातून गाळला होता. कानाए मात्र म्हणाली, मी जाते वर, आणि कुणी काही म्हणायच्या आत पायऱ्या चढूनही गेली.

नवराबायको तटाखालच्या बाकावर बसली. झाडांवर फूल औषधालाही उरलं नव्हतं. समोरच्या उंच रुळांवरून एक बुलेट न थांबता निघून गेली आणि हिसाओने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"बोल," तो म्हणाला.

"मला काही बोलायचं नाही. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, कठड्यासकट."

 पाच-सात मिनिटं गेली असतील. बाकासमोर एक माणूस कुत्र्याच्या पंजातून पाकळ्या काढत होता.

"आता तुम्ही बोला," सुमिए म्हणाली.

"माझ्या बाजूला मी काही लिहिलेलं नाही."

"का?"

"लिहिलं होतं. मग खोडलं."

"काय होतं?"

हिसाओने तळहात गुडघ्यांवर घासले. "जाऊ नकोस, असं होतं. पण ते म्हणायला दोन सेकंद लागतात. उरलेल्या वेळात काय म्हणायचं ते मला सुचेना. कितीदा तरी पेन्सिल घेऊन बसलो. मग तेही खोडून टाकलं."

सुमिएला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. "मग म्हणा ना."

"आता म्हटलं की."

"खोडलेलं वाचून दाखवलंत. म्हणा."

 त्याचे कान लाल झाले. "जाऊ नकोस," तो म्हणाला, आणि दोन शब्दांच्या मध्येच त्याचा आवाज फाटला.

हे तिला किती वर्षं ऐकायचं होतं ते तिचं तिलाही आठवेना. कुठे जायला निघालेली नसतानासुद्धा ऐकायचं होतं. तिने रुमालाने डोळे टिपले, नाक पुसलं, आणि पाहिलं की आतलं ठरलेलं जागचं हललेलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

"हे तुम्ही नऊ फेब्रुवारीला म्हणायला हवं होतं."

"पंचावन्न दिवस झाले," तो म्हणाला.

"मी जाणार आहे."

"हो."

तिने पर्समधून फोन काढला. मुरोझुमीबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"काय हो, मालकांशी बोललात?"

"शेजारीच बसलेत. जिन्याचा कठडा हलतो म्हणतात."

"अगंबाई! त्यांना कसं ठाऊक?"

"ती गोष्ट मोठी आहे. मी येतेय एक तारखेपासून. त्या जोडप्यातल्या मुलीला मी माफी मागितली म्हणून सांगा."

फोन ठेवला की छाती हलकी होईल असं तिला वाटलं होतं. झालीही थोडी. हिसाओने तोवर पेन्सिल काढली होती आणि कागदाच्या कोऱ्या पाठीवर एक आडवी रेघ ओढली होती.

"तू गेल्यावरच्या पहिल्या मंगळवारी दहा चौतीसची गाडी आहे," तो म्हणाला. "चालायचं धरून अकरा एकला तुझ्या दाराशी. कठडा तोवर झाला नसेल तर मी हत्यारं घेऊन—"

"नाही."

"दुपारची? एक—"

"नाही हो. वेळ ठरवून यायचं नाही. मला वाटेल तेव्हा मी फोन करीन, मग यायचं."

"कधी करशील?"

"सांगता येत नाही."

"सकाळी, की दुपारनंतर?"

"तेही सांगता येत नाही."

पेन्सिल रेघेवर टेकलेलीच राहिली. इतक्या साध्या गोष्टीवर तो इतका विचार करताना सुमिएने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी वाट बघायची," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"काय करतात गं माणसं, वाट बघताना?"

बर्फाने रूळ बुजले की तो दोन-दोन दिवस कचेरीतून हलायचा नाही. नवं वेळापत्रक लागायच्या आठवड्यात तर घरी झोपायलाही यायचा नाही. सुमिए ताटावर ताट झाकून खिडकीशी बसायची, कानाए मांडीवर पेंगत असायची. हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायला हरकत नव्हती, अजून नऊ मिनिटं होती.

"काही नाही करत," ती म्हणाली. "बसतात."

हिसाओने कागदाची घडी घातली, पेन्सिल खिशात ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिला.